पहिला मेल सरांना

रात्री अकरा चाळीसला मोबाइलवर मेल येतो. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी एका क्रिकेटपटूचे टोपणनाव आणि पुढे चार आकडे. विषयाची ओळ कोरी. आत एवढेच : ‘सर माझे इंटरनलचे मार्क का नाही लावले. उद्याच्या उद्या लावा. अर्जंट.’ खाली नाव नाही, वर्ग नाही, कोणत्या विषयाचे गुण तेही नाही. दिवसभर तास घेऊन, संध्याकाळी नॅकची फाइल पुरी करून घरी आलेल्या माणसाच्या मस्तकात हे वाचताच तिडीक जाते. बोटे लगेच उत्तर टाइप करू लागतात, आणि ते उत्तर सहसा चांगले नसते.

श्रीरामपूरसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्रत्येकाला असे मेल ओळखीचे आहेत. मीही त्यांतलाच एक. हा लेख माझ्या सहकाऱ्यांसाठी आहे, त्यातही नुकत्याच रुजू झालेल्या आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांसाठी. यातले नमुन्याचे मेल मी अनेक मेलवरून जुळवून लिहिले आहेत; कुणा एका विद्यार्थ्याचा त्यात एकही नाही.

मेल कसा आहे हे ठरवण्याआधी तो पाठवणारा कोण आहे ते पाहू. टाकळीभान, उक्कलगाव, पढेगाव, माळवाडगाव अशा गावांतून एसटीने किंवा दुचाकीवर डबलसीट येणारा हा मुलगा. त्याचा मेल आयडी कसा निघाला हे एकदा वर्गात विचारून पाहा. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. सायबर कॅफेवाला म्हणाला, मेल आयडी लागेल. त्यानेच दोन मिनिटांत काढून दिला, पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहिला. त्या आयडीवर पुढे ओटीपी आले, पावत्या आल्या. पण त्यावरून कुणाला काही लिहायची वेळ आली नाही. वडिलांशी फोनवर बोलता येते, मित्राला व्हॉट्सअ‍ॅप आहे, मामाला मेल करायचे कारण नाही. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक मुलांच्या आयुष्यातला पहिला मेल प्राध्यापकाला जातो. त्याला पहिल्यांदा पोहायला उतरलेला मुलगा समजा. पाणी उडणारच.

टाळेबंदीपूर्वी हा प्रश्न फारसा नव्हता. मुलगा स्टाफरूमच्या दाराशी उभा राहायचा, ‘मे आय कम इन सर’ म्हणायचा, आणि सरांचा चेहरा पाहून आज विचारावे की उद्या, हे त्याचे तोच ठरवायचा. मार्च २०२० मध्ये ते दार बंद झाले. गुगल क्लासरूम आले, स्वाध्याय मेलवर मागवले जाऊ लागले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन झाल्या, तेव्हा लॉगिन होत नाही, पेपर सबमिट झाला नाही, या तक्रारी मुलांनी हाताशी असलेल्या प्रत्येक पत्त्यावर पाठवल्या. पुढे महाविद्यालये उघडली, दारही उघडले, पण सवय राहिली. मेल कसा लिहायचा हे मात्र मधल्या काळात त्यांना कुणी बसवून शिकवले नाही. आपणही नाही.

एक गोष्ट मला फार दिवसांनी लक्षात आली. मेलमधले जे दोष आपल्याला उद्धटपणाचे वाटतात, ते जवळजवळ सगळे व्हॉट्सअ‍ॅपच्या सवयीतून आलेले असतात. तिथे नाव लिहावे लागत नाही, नंबर सेव्ह केलेला असतो. विषय लिहावा लागत नाही, मागचे बोलणे वर दिसत असते. एक वाक्य चार तुकड्यांत पाठवले तरी चालते. उत्तर दोन मिनिटांत येते, नाही आले तर प्रश्नचिन्ह टाकतात. हीच सवय मेलमध्ये उतरली की आपल्याला एकामागून एक चार निनावी मेल येतात आणि पाचव्यात नुसती तीन प्रश्नचिन्हे असतात. आपला अपमान करायला बसलेला मुलगा असे लिहीत नाही. अपमान करणारे मेल निराळे असतात, त्यांच्याकडे पुढे येऊ.

पत्राचा मायना मराठी घरांना नवा नाही. आजोबांच्या पोस्टकार्डावर ‘सा. न. वि. वि.’ असायचे. त्याआधीच्या मोडी पत्रांत कुणाला ‘तीर्थरूप’ म्हणायचे, कुणाला ‘राजमान्य राजश्री’ लिहायचे याचे रिवाज ठरलेले होते. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ येई. आजचा मुलगाही दहावीच्या मराठीत मागणीपत्र आणि विनंतीपत्र लिहून आलेला असतो. प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू, सगळे त्याने गुणांसाठी पाठ केलेले असते. मेल म्हणजे तेच पत्र, हा दुवा तेवढा जोडलेला नसतो. मी वर्गात तो एका अर्जाच्या आधाराने जोडतो. प्रवरेच्या कालव्याचे आवर्तन सुटायचे असते तेव्हा पाटबंधारे खात्याकडे सात नंबरचा अर्ज भरावा लागतो. बागायतदाराच्या घरातल्या पोराने तो वडिलांसाठी कधी ना कधी भरलेला असतो. त्यात खातेदाराचे नाव येते, गाव येते, गट नंबर येतो, पीक कोणते आणि क्षेत्र किती ते येते. ‘साहेब पाणी द्या, अर्जंट’ एवढेच लिहून अर्ज टाकला तर पाणी कोणत्या शेताला द्यायचे, असा प्रश्न मी विचारतो. वर्ग हसतो आणि त्याला कळते. गट नंबराच्या जागी पीआरएन आणि रोल नंबर, पिकाच्या जागी विषय आणि सत्र, क्षेत्राच्या जागी नेमके काय हवे ते. शेतकरी नसलेल्या घरातल्या मुलांना रेशनकार्डाचा अर्ज किंवा बँकेचा फॉर्म हेच उदाहरण होते.

आधी मागणी वाचा, भाषा नंतर

मेल वाईट लिहिलेला असणे आणि मेलमधली मागणी अवाजवी असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रागात त्या एक होतात. वर दिलेला रात्रीचा मेल पुन्हा वाचा. भाषा अरेरावीची आहे, पण मागणी काय? अंतर्गत गुण यादीत दिसत नाहीत. ही तक्रार खरी असू शकते. कदाचित आपणच भरताना एक ओळ सोडली असेल. गुण भरायची मुदत विद्यापीठाची असते आणि ती उलटली तर भोगायचे त्या मुलाला असते. उलट, अत्यंत गोड भाषेत, ‘आदरणीय मॅडम, आपण माझ्या गुरुमाउली आहात’ अशी सुरुवात करून शेवटी न दिलेल्या चाचणीचे गुण मागणारा मेलही येतो. पहिल्याला मदत करायची आहे, दुसऱ्याला नकार द्यायचा आहे. भाषेवर निकाल दिला तर नेमके उलटे होते.

म्हणून मेल उघडला की आधी कागदावर किंवा मनात एक वाक्य लिहावे : ‘याला/हिला … हवे आहे.’ हे वाक्य पूर्ण करता आले नाही, तर उत्तर एकच, माहिती विचारणे. मी पाठवतो ते उत्तर असे :

‘तुझा मेल मिळाला. गुण कोणत्या विषयाचे दिसत नाहीत ते कळले नाही. तुझे पूर्ण नाव, वर्ग, रोल नंबर, पीआरएन आणि विषयाचे नाव याच मेलला उत्तर म्हणून पाठव. उद्या दुपारपर्यंत आले तर उद्याच नोंद तपासतो. यापुढे मेल करताना विषयाच्या ओळीत वर्ग आणि काम लिही, म्हणजे तुझे काम लवकर होईल.’

यात दुरुस्ती एकच सांगितली आहे. शुद्धलेखन, विरामचिन्हे, मायना, रात्रीची वेळ, ‘अर्जंट’ हा शब्द, या सगळ्यांवर एकाच उत्तरात बोट ठेवले तर मुलाला फक्त सर चिडले एवढे कळते. एका मेलला एक दुरुस्ती. पुढच्या वेळी तो विषयाची ओळ लिहून आला, तर ‘विषय नीट लिहिलास, म्हणून लगेच सापडला’ असे चार शब्द जास्त लिहावेत.

तू म्हणावे की तुम्ही? वर्गात आपण ‘तू’ म्हणत असू तर मेलमध्येही ‘तू’च ठेवावे. एकदम ‘आपण’ लिहिले की पोराला वाटते, काहीतरी बिनसले. मात्र मेलची प्रत विभागप्रमुखांना किंवा प्राचार्यांना जाणार असेल, किंवा पुढे तो कागद समितीपुढे जाऊ शकत असेल, तर ‘तुम्ही’ लिहावे.

आणि मेल मराठीत आला तर उत्तर मराठीतच द्यावे. आपल्या अनेक मुलांना वाटते की मेल इंग्रजीतच लिहायचा असतो. मग मनातले मराठी वाक्य तोडक्यामोडक्या इंग्रजीत जाते, त्यात विनंतीचा हुकूम होतो. ‘गुण द्यावेत’ मधला ‘वेत’ इंग्रजीत जाताना गळून पडतो आणि ‘गिव्ह मी मार्क्स’ उरते. मराठीत लिहिण्याची परवानगी स्पष्ट शब्दांत दिली की निम्मे उद्धट मेल आपोआप सौम्य होतात, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. रोमन अक्षरांतले मराठीही सुरुवातीला चालवून घ्यावे. फोनच्या कीबोर्डवर देवनागरी कशी सुरू करायची हे दाखवायला दोन मिनिटे पुरतात.

स्टाफच्या ग्रुपवर टाकू नका

हे मी थोडे थांबून लिहितो, कारण यात आपलीच चूक असते आणि ती चूक आपण हसत हसत करतो. विचित्र मेल आला की त्याचा स्क्रीनशॉट प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो. हसरे चेहरे येतात, कुणीतरी ‘काय ही पिढी’ म्हणतो. दुसऱ्या दिवशी तो मुलगा दुसऱ्याच तासाला बसतो तेव्हा तिथल्या सरांनी त्याचा मेल वाचलेला असतो. एकदा एका विद्यार्थिनीच्या मेलमधले एक वाक्य ग्रुपवरून बाहेर पडून वर्गापर्यंत गेलेले मी पाहिले आहे. तिने त्यानंतर कुणाही शिक्षकाला लिहिले नाही. परीक्षा अर्जातली एक साधी चूक तिने सांगितलीच नाही, आणि ती निस्तरायला पुढे पुष्कळ धावपळ करावी लागली. वाईट मेल लिहिणाऱ्याला सुधारता येते; लिहायचेच सोडून दिले त्याला कसे सुधारणार?

सल्ला हवाच असेल तर एका अनुभवी सहकाऱ्याला, नाव झाकून, समोरासमोर विचारावे. त्याच न्यायाने, कुणाचे गुण किंवा हजेरी दुसऱ्या कुणाला मेलवर कळवू नये. ‘मी तिचा भाऊ बोलतोय, तिचे किती कमी आहेत ते सांगा’ असा मेल आला तर उत्तर एवढेच : ‘तिला स्वतःच्या मेलवरून विचारायला सांगा, किंवा तिला घेऊन महाविद्यालयात या.’

नकार पहिल्या वाक्यात

आता खरोखर अवाजवी मागण्या. आपल्याकडे त्यांचे प्रकार मोजकेच आहेत. न दिलेल्या चाचणीचे गुण, न भरलेली हजेरी, संपलेल्या मुदतीनंतरचा प्रकल्प, आणि ‘दोन मार्कांनी राहिलो, तुमच्या हातात आहे’.

नकार देताना आपण मराठी माणसे आढेवेढे घेतो. ‘बघू’, ‘प्रयत्न करतो’, ‘प्राचार्यांशी बोलून सांगतो’. समोरचा याचा अर्थ होकार असा लावतो, आणि त्याचे चुकत नाही. गावात ‘बघू’ म्हणजे बहुधा होतेच. मग तो दर दोन दिवसांनी आठवण करतो आणि आपण त्याला चिकट म्हणतो. ज्याला नाहीच म्हणायचे आहे त्याला पहिल्याच वाक्यात नाही म्हणावे. दुसऱ्या वाक्यात नियम, तिसऱ्यात उघडा असलेला मार्ग. उदाहरणार्थ :

‘न दिलेल्या चाचणीचे गुण मला देता येणार नाहीत. चाचणीच्या दिवशी हजर असलेल्यांचेच गुण भरण्याचा नियम आहे आणि तो साऱ्या वर्गाला सारखा आहे. त्या दिवशी आजारी असल्यास डॉक्टरांच्या कागदासह शुक्रवारपर्यंत विभागप्रमुखांकडे अर्ज द्या. विभागाने पुन्हा चाचणी ठेवली तर त्याची सूचना फलकावर लागेल.’

सत्र मान्य होण्यासाठी विद्यापीठाला ७५ टक्के हजेरी लागते, हे मुलाला माहीत असते, पण हजेरीपट हा सरांच्या मर्जीचा कागद आहे असेही त्याला वाटत असते. ‘सर हजेरी लावा’ या तीन शब्दांमागे हा समज आहे. तो काढायचा असेल तर आपणही आवडत्या मुलाची हजेरी मागाहून लावता कामा नये. एकाची लावली की ते वर्गभर होते आणि पुढचे दहा मेल आपण स्वतः ओढवून घेतलेले असतात. मात्र हजेरी कमी का, हे विचारावे. ऊसतोडीला गेलेले कुटुंब, कारखान्याच्या हंगामात धरलेले काम, घरातले आजारपण, यांतले काही निघाले तर अधिकृत सवलत कुठे मागता येते ते सांगणे आपले काम आहे. सवलत देणारे आपण नसू, वाट दाखवणारे असू शकतो.

लेखी परीक्षेतल्या गुणांबद्दल मेल आला तर भावनेत न शिरता प्रक्रिया सांगावी. निकालानंतर ठरलेल्या मुदतीत उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, त्यावरून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. मुदत चुकली की काहीच करता येत नाही, म्हणून तारीख ठळक लिहावी. ‘माहिती अधिकार टाकीन’ असे कुणी लिहिले तर ती धमकी समजू नये. विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात सांगितले आहे. ‘तो तुझा हक्क आहे, जरूर अर्ज कर’ असे शांतपणे लिहिले की भांडणातली हवा निघून जाते. आपली तपासणी नीट असेल तर भ्यायचे काय?

तीच मागणी पुन्हा आली तर? नवे कारण शोधू नये. नवे कारण दिले की त्याला वाटते, आधीचे खरे नव्हते आणि हेही टिकणार नाही. ‘याबाबत १२ तारखेला कळवले आहे, निर्णय तोच आहे’ एवढे पुरे. तिसऱ्यांदा आली तर मेल थांबवावा आणि भेटीची वेळ द्यावी, विभागप्रमुखांना सोबत बसवून. समोर आलेला मुलगा मेलमधल्या मुलाहून वेगळा असतो. चपला दाराबाहेर काढून येतो, खाली मान घालून उभा राहतो, आणि खरी अडचण तिसऱ्या वाक्यात बाहेर पडते.

प्राचार्यांना, संस्थेच्या कार्यालयाला, कधी लोकप्रतिनिधीच्या कार्यालयालाही प्रत जोडलेले मेल येतात. त्यांना उत्तर देताना सगळ्यांना एकदम उत्तर जाईल ते बटण दाबू नये. आधी प्राचार्यांशी बोलावे, मग विद्यार्थ्याला उत्तर द्यावे आणि प्रत फक्त प्राचार्यांना ठेवावी. उत्तराचा मजकूर शिफारस नसती तर जो लिहिला असता तोच असावा. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांवर असा दबाव जास्त येतो, कारण पुढच्या वर्षीची नेमणूक टांगणीला असते. त्यांनी असे मेल एकट्याने अंगावर घेऊ नयेत. विभागप्रमुखांनी ‘यापुढचे उत्तर मी देईन’ असे लेखी म्हणावे. हे म्हणणे विभागप्रमुखांचे कर्तव्यच आहे, असे मी मानतो.

राग, धमकी आणि हाक

शिवीगाळ किंवा धमकी असलेला मेल पुसून टाकू नये. उत्तरही देऊ नये. तो जसाच्या तसा जपावा, प्राचार्यांना लेखी कळवावे, आणि पुढचा पत्रव्यवहार महाविद्यालयाच्या नावाने व्हावा. लैंगिक स्वरूपाचा मजकूर असेल तर तो अंतर्गत समितीचा विषय आहे. प्राध्यापिका भगिनींनी ‘पोरगं आहे, जाऊ दे’ म्हणून तो गिळू नये.

पण रागाच्या मेलमध्ये खरी तक्रारही असू शकते. ‘तुम्ही मुद्दाम आमच्याच लोकांना कमी देता’ असे वाक्य आले की आपले रक्त तापते. तरी थांबावे. जातीवरून, लिंगावरून, गावावरून वेगळे वागवल्याचा आरोप चुकीच्या व्याकरणात आला म्हणून खोटा ठरत नाही. तक्रार आपल्याविरुद्ध असेल तर तिचा निवाडा आपण करूच नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. तक्रार मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत तिने अहवाल द्यायचा असतो आणि तो न पटल्यास विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येते. हा मार्ग आपणच त्याला लिहून द्यावा. मला माहीत आहे, हे अवघड जाते.

आणखी एक प्रकार आहे, तो ओळखायला चुकू नये. गुणांच्या रडगाण्यात मध्येच एक वाक्य येते : ‘आता काही करावेसे वाटत नाही’, ‘घरी तोंड दाखवता येणार नाही’. असा मेल रात्री आला तरी सकाळची वाट पाहू नये. उत्तर टाइप करण्यापेक्षा फोन लावावा, महाविद्यालयाच्या नोंदीतून घरचा किंवा मित्राचा क्रमांक मिळवावा. बोलताना गुणांचा विषय बाजूला ठेवावा. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण सांगावे लागेल. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र, मराठीतही. हा क्रमांक विद्यार्थ्यांना देणे चांगलेच, आपल्या फोनमध्ये असणे त्याहून गरजेचे.

बाकीच्या रात्रीच्या मेलला मात्र रात्री उत्तर देऊ नये. एकदा साडेअकराला उत्तर दिले की सर साडेअकराला असतात हे ठरून जाते. उत्तर लिहावेसे वाटलेच तर लिहून पाठवण्याची वेळ सकाळची लावून ठेवावी. जीमेलमध्ये ती सोय आहे. पाठवलेला मेल मागे घेण्याची मुदतही सेटिंगमध्ये जाऊन तीस सेकंदांची करून घ्यावी. सकाळी चहा घेताना रात्रीचे उत्तर वाचले तर त्यातले एक वाक्य हमखास काढावेसे वाटते.

अलीकडे वेगळेच मेल येऊ लागले आहेत. निर्दोष इंग्रजी, चार परिच्छेद, ‘आय होप धिस मेल फाइंड्स यू वेल’, शेवटी भरभरून आभार. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेले. शिष्टाचार पूर्ण, आणि रोल नंबर कुठेच नाही! यावरून मुलाला टोचू नये. त्यालाही तीच माहिती विचारावी जी तुटक मेल लिहिणाऱ्याला विचारली असती. आणि जमल्यास सांगावे की तुझी तीन साधी मराठी वाक्ये मला पुरली असती.

जूनमध्ये एक तास

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात सेलम कॉलेजच्या एका प्राध्यापिकेने २०१४ च्या सुमारास कंटाळून विद्यार्थ्यांचे मेलच बंद केले होते. मेल फक्त भेटीची वेळ ठरवण्यापुरता, बाकी सगळे समोर येऊन बोलायचे. विद्यार्थी राहतात त्या आवारातच महाविद्यालय असेल तर हे जमते. आपल्याकडे मुलीला दोनची एसटी गाठायची असते, ती चुकली तर घरी प्रश्न होतात आणि कधी कधी शिक्षणच थांबते. कुणी दुपारनंतर पेट्रोल पंपावर, मेडिकलमध्ये, कांद्याच्या मार्केटला कामाला असतो. या मुलांना सरांपर्यंत पोचायला मेलच उरतो. तो बंद करण्यापेक्षा शिकवावा.

त्यासाठी वर्षाच्या सुरुवातीचा एक तास द्यावा, तोही संगणक कक्षात मिळाला तर उत्तम. प्रत्येकाने तिथेच आपल्या फोनवरून सरांना एक मेल पाठवायचा. आधी आयडीचे दर्शनी नाव बदलून स्वतःचे खरे नाव लावायचे, सायबर कॅफेवाल्याला माहीत असलेला पासवर्ड बदलायचा. मग विषयाची ओळ. श्रीरामपूरच्या स्टेशनवर वर्षानुवर्षे बेलापूर अशी पाटी राहिली आणि नवखा प्रवासी गाडीतच बसून पुढे गेला. विषयाच्या ओळीत ‘नोट्स’ आणि आत फीच्या पावतीची तक्रार असली की सरांचेही तसेच होते. ‘द्वितीय वर्ष वाणिज्य, रोल नंबर अमुक, अंतर्गत गुणांबाबत’ अशी ओळ फळ्यावर लिहून द्यावी. खाली मजकूर पाच ओळींचा, शेवटी नाव आणि पीआरएन.

फाइल जोडणे हा वेगळा धडा आहे. वहीचे बारा आडवेतिडवे फोटो बारा मेलमध्ये येतात, किंवा ड्राइव्हची लिंक येते आणि ती उघडायला परवानगी मागावी लागते. जून २०२० मध्ये कॅमस्कॅनरवर बंदी आली तेव्हापासून मुले गोंधळलेलीच आहेत. गुगल ड्राइव्हच्या अ‍ॅपमध्येच स्कॅन करून एक पीडीएफ होते, हे वर्गात दाखवावे. जीमेलवर २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडता येत नाही. फाइलला नाव द्यायचे : आडनाव, रोल नंबर, विषय. पंचेचाळीस मिनिटांत हे सगळे होते.

त्याच दिवशी सूचना फलकावर एक कागद लावावा. मेलला उत्तर कोणत्या दिवशी मिळेल (मी मंगळवार आणि शुक्रवार ठेवले आहेत), रात्री आठनंतर उत्तर मिळणार नाही, कोणत्या कामासाठी मेल करायचाच नाही आणि थेट कार्यालयाच्या खिडकीवर जायचे, कोणती मागणी मेलवर केली तरी मान्य होणार नाही, आणि घरातली किंवा जिवाची अडचण असेल तर कोणत्याही वेळी फोन करावा. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनी आपल्या येण्याचे दिवसच लिहावेत. ज्या तासांचे मानधन नाही त्या तासांत मेल तपासण्याची अपेक्षा त्यांच्याकडून कुणी करू नये. कागदाची भाषा मुलांना समजेल अशी मराठी असावी, परिपत्रकाची नको.

आणि कागदावर जे लिहिले ते पाळावे. मंगळवारी उत्तर देईन म्हटले आणि दिले नाही, तर बुधवारी आलेल्या तीन प्रश्नचिन्हांबद्दल मला बोलायला जागा राहत नाही. दिवाळीनंतर दुसरे सत्र सुरू होते तेव्हा वेळापत्रक बदललेले असते. जुना कागद काढून नवा लावावा, आणि ज्यांचे प्रवेश उशिरा झाले त्या मुलांना बाजूला घेऊन तो मेलचा तास पुन्हा एकदा घ्यावा.